वरच्या 'सा'चा हेवा

चैत्रातल्या दुपारी मंगळवार पेठेतला आमचा बोळ अगदी निःशब्द असतो. तालमीतून आलेली पोरं घरोघरी पाय पसरून निजलेली असतात, म्हशी गोठ्याच्या सावलीत डोळे मिटून रवंथ करत असतात, आणि उन्हाने तापलेला एखादा पत्रा मधूनच कडकन वाजतो तेवढीच काय ती चाहूल. नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. वार्षिक परीक्षेचे दिवस होते. पेपर संपताच शाळेतून सुटून मी सायकल हाताने ढकलत बोळाच्या तोंडाशी आलो, आणि त्या निस्तब्ध, पांढऱ्या उन्हात एक सूर माझ्या कानांवर आला. ट्रम्पेटचा वरचा सा! पितळेतून निघालेला, तरी पितळेची कर्कश धार नसलेला. उंच, पण आपण उंच आहोत याची जाणीवही नसलेला. घारीने पंख न हलवता आभाळात तरंगत राहावं तसा तो त्या बोळावर तरंगत होता. मी जागच्या जागी उभा राहिलो. अंगावर शहारा आला. किती दिवसांत असा सूर ऐकला नव्हता! वडील गेल्यापासून तर नाहीच.

मग ध्यानात आलं, की सूर आमच्याच माडीच्या खिडकीतून येतो आहे.

जिना चढून वर गेलो. खिडकीपाशी माझी बायको, गिरिजा, पदर खोचून उभी होती आणि तिच्या हातात माझा ट्रम्पेट होता. मला पाहून ती दचकली, आणि मग मोठ्याने हसली.

"वाजलं की हो!" ती म्हणाली. "ऐकलासा न्हवं? वरचा वाजला!"

"ऐकलं," मी म्हणालो.

"गेल्या दिवाळीपास्नं वाजवतोय मी. तुमी शाळंत गेल्यावर. तुमास्नी एकदम दावायचं हुतं."

कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायकांप्रमाणे गिरिजाही स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणते. त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते माझ्या छातीत जे झालं त्याचं. बोळात उभा असताना जो सूर मला अमृतासारखा वाटला होता, तो कुणाचा हे कळताच त्याचाच निखारा झाला. कारण तो वरचा सा गेलं वर्षभर मला लागत नव्हता.

मी पेशाने मराठीचा शिक्षक. ट्रम्पेट माझ्याकडे आला तो वडिलांकडून. वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे बाबूकाका, या दोघांनी मिळून एक ब्रास बँड उभा केला होता. लगीनसराईत, गणपतीत, गावोगावच्या जत्रांत त्याला मागणी असे, आणि त्या मागणीचं कारण होतं वडिलांचा वरचा सा. वरात निघायच्या वेळी बाकी सगळी वाद्यं मुकी ठेवून वडील एकटेच तो सूर लावत, आणि तो पुरता स्थिरावला की मगच ढोलावर टिपरू पडे. वडील गेले, तेव्हा त्यांचा ट्रम्पेट आणि वरातीची ती सुरुवात, दोन्ही माझ्या वाट्याला आलं. शाळा सांभाळून मी बँडबरोबर जाऊ लागलो. पहिले काही दिवस बरं चाललं. मग हळूहळू, मला कळायच्या आत, माझा गळा मिटू लागला.

ही व्यथा कशी सांगावी? खालचे सूर सुखाने निघतात, मधलेही निघतात. आणि सप्तकाच्या शिखराची चाहूल लागताच हनुवटी आपोआप वर जाते, मानेच्या शिरा तटतटतात, कंठ वर सरकतो आणि कुणी चिमटीत धरल्यासारखा आवळतो. पोटात श्वास भरपूर असतो, पण त्याला वाटच मिळत नाही. मग माउथपीस ओठांवर दाबून जोर करावा, तर ओठांवर लाल कडं उमटतं आणि सूर बारीक होत होत चिरकतो. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "सर, गळा ठणठणीत आहे तुमचा. वर्गात ओरडणं कमी करा." वर्गात तर मी कधी ओरडत नसे! तरी मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं, वाफा घेतल्या. ज्या गळ्याला आजारच नव्हता, त्याच्यावर मी सगळे उपचार करून पाहिले.

त्या वर्षी माघातल्या एका वरातीत माझा सूर असा चिरकला, की नवरदेवाची घोडी बिथरली. लोक हसले. दुसऱ्या दिवशी बाबूकाका घरी आले. चहा संपेपर्यंत इकडचंतिकडचं बोलले, आणि कपबशी खाली ठेवताना म्हणाले, "सर, म्होरल्या लग्नापास्नं सुरवात क्लॅरिनेटवर घिऊया. तुमी ढोलाबरूबर आत या." काका एरवी मला बाळ्या म्हणत. त्यांनी मला 'सर' म्हटलं, तेव्हाच मला कळलं की हा निर्णय झालेला आहे.

आणि त्यानंतर दोन महिने उलटतात न उलटतात तोच ही चैत्रातली दुपार! मी गिरिजाला "वा!" म्हणालो. खरोखर म्हणालो, आणि तो शब्द तोंडातून नीट बाहेरही पडला. पण रात्री जेवताना घास घशाखाली उतरेना.

गिरिजा कुरुंदवाडची. तिच्या वडिलांचं घर नदीच्या अलीकडे आणि मळा पलीकडे. तिच्या लहानपणी भाकरी घेऊन मळ्यात जायचं तर आधी काठावर उभं राहून पलीकडच्या नावेला हाक मारावी लागे, आणि घरातली सगळ्यांत मोठी हाक तिचीच म्हणून ते काम तिच्याकडे असे. लग्नानंतर ती पहिल्यांदा आमच्या गच्चीवरून खाली बोळात मला हाका मारू लागली, तेव्हा बोळातली कुत्री उठून बसत. माझी आई म्हणायची, अगं हळू, इथं नदी नाही! ती हसून सोडून द्यायची. त्या गळ्याला संकोच ठाऊकच नव्हता. सूर उंच लावायचा म्हणजे काहीतरी अवघड करायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्याकडे दूध घालणारे एक गवळी त्या आठवड्यात मला म्हणाले, "सर, सकाळचं जरा अडकतंय तुमचं. पर दुपारचं काय वाजवताय! म्हशी बी कान टवकारत्यात."

सकाळी वाजवणारा मी होतो. दुपारी मी शाळेत असतो, हे त्या बापड्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"दुपारचं मी नाही, आमची मंडळी वाजवतात," मी सांगितलं.

दूध मापता मापता त्यांचा हात थांबला. "वैनी? आयला!" ते म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत ती वार्ता सगळ्या पेठेत गेली.

मत्सर ही भावना दूरच्या माणसापर्यंत का पोहोचत नसेल? रेडिओवर मुंबईच्या एखाद्या वादकाचा ट्रम्पेट ऐकताना माझ्या मनात केवळ कौतुक दाटून येई. त्याने कितीही उंच सूर लावावा, माझं काही जात नसे. पण ज्या माणसाबरोबर आपण एका ताटात जेवतो, ज्याच्या सर्दी-खोकल्याची आपल्याला काळजी वाटते, ज्याच्यावर आपलं निःसंशय प्रेम आहे, त्याने आपल्याच वाद्यावर आपल्याला न साधणारा सूर सहज लावावा, याची जखम मात्र खोल जाते. शाळेतून घरी आलो की मी आधी ट्रम्पेट हातात घेई. माउथपीस कोमट असे. कधी तो नुकताच ठेवलेला असे, कधी निवत आलेला. त्या उबेवरून मला कळे, ती किती वेळ वाजवत होती ते. वडिलांच्या हातांनी झिजलेल्या त्या बटणांवर आता तिच्या बोटांना लागलेल्या पिठाचा बारीकसा माग असे. मी तो पुसून टाकी. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उमटलेला असे! तिच्या माहेरचं कुणी आलं, की तिला आग्रह होई. ती आढेवेढे घेत नसे. लगेच उठून वाजवी, आणि वाजवून झालं की घाम पुसत विचारी, "कसं झालं?" उत्तर तिला ठाऊक असे, पण ते पुन्हा ऐकायला तिला आवडे. कौतुकाची ही निर्व्याज भूक, तिचाही मला हेवा वाटे. मला कौतुक हवं असलं तरी ते मागायचं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं.

तिला माझी अडचण दिसत नव्हती असं नाही. एके सकाळी मी मान ताणून, लाल होऊन त्या सुराशी झगडत असताना ती दारात येऊन उभी राहिली.

"वरडताय कशाला त्यात?" ती म्हणाली. "हाक मारा की."

"म्हणजे?"

"वरडल्यावर गळा दुखतोय. हाक मारल्यावर दुखत न्हाई. पलीकडं मानूस हुबा हाय, त्यो येणार हाय, आसं समजायचं आन् मारायची हाक."

मी प्रयत्न केला. पलीकडे माणूस उभा आहे अशी कल्पना केली. पण माझ्या कल्पनेतल्या काठावर उभा असलेला माणूस हाताची घडी घालून माझी परीक्षा घेत होता. सूर पहिल्यापेक्षा वाईट चिरकला. गिरिजा न हसता स्वयंपाकघरात गेली, आणि तिच्या त्या समंजसपणानेही मी जळलो.

पावसाळा सरल्यावर पेठेपलीकडच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आमच्याकडे आल्या. त्यांना मुलींचं बँडपथक काढायचं होतं आणि शिकवायला बाईमाणूस हवं होतं. त्यांनी गिरिजाला विचारलं. गिरिजाने माझ्याकडे पाहिलं आणि "उद्या सांगतो" म्हणाली. त्या गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"जाऊ का मी?"

"जा की."

"तसं न्हाई. मनापास्नं सांगा."

"मनापासून सांगतो. जा."

ती माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहत राहिली. "निम्म्याच मनानं म्हनतायसा," ती म्हणाली. "पर चालतंय मला."

वडिलांचा ट्रम्पेट तिच्याबरोबर शाळेत जाऊ लागला. तो मीच दिला. काकांकडे एक जादा ट्रम्पेट होता, पण त्याचं मधलं बटण अडकायचं. शिकवणाऱ्याच्या हातात असलं वाद्य देणं बरं नव्हे, असं मी म्हणालो आणि तो स्वतःकडे घेतला. मनुष्य एकाच वेळी उदार आणि मत्सरी असू शकतो काय? मी तर तेव्हा दोन्ही होतो. सकाळी तिच्यासाठी ट्रम्पेट चिंचेने घासून लख्ख करून देई, आणि ती तो बगलेत धरून जिना उतरू लागली की मी तिच्याकडे नव्हे, त्या ट्रम्पेटकडे पाहत राही. ती परत आली की मुलींच्या गमती सांगे. अमकीचे गाल फुगतात, तमकी वाजवताना डोळे मिटते. सांगता सांगता तिच्या चेहऱ्यावर जे तेज येई, ते आमच्या संसाराने तिला कधी दिलं नव्हतं. मी ऐकत असे, हुंकार देत असे, आणि माझ्या वाट्याच्या ट्रम्पेटचं ते अडकणारं बटण बोटाने वर उचलत बसे.

सव्वीस जानेवारीला त्या शाळेच्या मैदानावर मुलींच्या पथकाचं पहिलं वादन होतं. गारठ्याची सकाळ. पांढऱ्या पोशाखातल्या मुली रांगेत उभ्या, त्यांच्या पुढे हिरवी काठापदराची साडी नेसलेली गिरिजा. मी पालकांच्या गर्दीत मागे उभा होतो. आमच्या शाळेचं ध्वजवंदन उरकून मी धावतपळत आलो होतो. आल्यावाचून राहवतही नव्हतं आणि यावंसंही वाटत नव्हतं. तिने ट्रम्पेट उचलला. सगळं मैदान शांत झालं. आणि मग तो सूर निघाला. वडिलांच्या रीतीने, एकटाच, बाकी सगळं मुकं ठेवून. तो चढत गेला, शिखरावर पोहोचला, आणि तिथे ऊन पडावं तसा पसरला.

माझा घसा दुखू लागला. श्वास कोंडला. डोळ्यांत पाणी आलं.

"पावणं, काय अडाकलं व्हय घशात?" शेजारून कुणीतरी विचारलं. पिवळा फेटा बांधलेला एक धिप्पाड गृहस्थ होता. त्याची नात पथकात असावी.

"नाही, काही नाही."

"मग हात काढा की. आपलाच गळा धरून हुबा हायसा."

मी पाहिलं. माझा उजवा हात खरोखरच माझ्या गळ्यावर होता, आणि बोटांखाली कंठ वर चढून दगडासारखा ताठ झाला होता. हनुवटी वर गेली होती. जबडा आवळलेला होता. अगदी जसं वाजवताना होतं, तसं! पण मी तर वाजवत नव्हतो. माझ्या ओठांना माउथपीस नव्हता, मला कोणताही सूर गाठायचा नव्हता. मग हा गळा कुणाचा सूर अडवत होता?

तिचाच. तिचा सूर वर जाऊ लागला की तो तिथेच थोपवून धरण्यासाठी माझा गळा माझ्याही नकळत मूठ वळत होता. तिच्या सुराला त्याचा धक्काही लागत नव्हता. गुदमरत होतो तो मी. आणि मग त्या थंडीत मला वडिलांच्या मागून केलेल्या साऱ्या वराती आठवल्या. "बापाची सर न्हाई," हे कुणीतरी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं होतं, त्या सुमारासच माझा गळा मिटू लागला नव्हता का? सूर लावायच्या आधीच्या क्षणी माझ्या कानांत वाजत असे तो वडिलांचा सा. त्यालाही मी असाच मुठीत धरून बसलो होतो की काय? गेलेल्या बापाचा मत्सर! मैदानावर टाळ्या पडत होत्या. मी हात खाली घेतला, आणि टाळ्या वाजवल्या. फेटेवाला गृहस्थ समाधानाने म्हणाला, "आता बरं दिसतंय."

त्या संध्याकाळी मी गिरिजाला एवढंच सांगितलं: "तू वाजवतेस तेव्हा माझा गळा आवळतो."

ती भाकरी थापत होती. "मन्जी? मी वाजवू नको?"

"वाजव. रोज माझ्यासमोर बसून वाजव. मी नुसता ऐकतो."

"आन् हुनार काय त्यानं?"

"ठाऊक नाही."

तिने भाकरी तव्यावर टाकली. "बरं," ती म्हणाली. "पर तोंड पाडून बसायचं न्हाई म्होरं. मला वाजवाय येत न्हाई मग."

असा आमचा विलक्षण रियाज सुरू झाला. शाळा सुटल्यावर, उन्हं कलली की आम्ही गच्चीवर जात असू. ती वाजवी आणि मी तिच्यासमोर सतरंजीवर बसून दोन बोटं गळ्यावर ठेवी. सूर वर सरकू लागला की बोटांखाली कंठ हलू लागे. मग मी जबडा सैल सोडी, जांभई येण्याआधी घसा आतून उघडतो तसा तो उघडा ठेवायचा प्रयत्न करी, आणि श्वास कुठे अडतो ते पाही. तो नेमका एकाच ठिकाणी अडत असे: आत घेऊन झाल्यावर, बाहेर सोडण्यापूर्वी. त्या निमिषभरात मी दार लावून घेत असे. किती साधी गोष्ट, आणि किती दुःसाध्य! श्वास आत आला की कुठेही न थबकता, झोपाळ्याने परत फिरावं तसा, त्याने बाहेर वळायचं, बस्स. वाद्य हातात नसताना हे शिकायला मला पुष्कळ दिवस लागले. काही संध्याकाळी जमे. काही संध्याकाळी ती इतकं सुरेख वाजवी की मला उठून खाली जावंसं वाटे. एकदा तर ती मध्येच थांबून खेकसली, "हात काढा की गळ्यावरचा! मी काय जीव घेतोय व्हय तुमचा?"

मग मी स्वतः वाजवू लागलो. पण वरचा सा लावायचा नाही, असं ठरवून. खालचे सूर, अगदी हलके, शेजारी निजलेल्या माणसाला जाग येऊ नये इतके हलके. जोर करायची वाटच मी बंद केली. ओठांवर माउथपीस नुसता टेकवायचा, आणि श्वास वळतो त्या जागी कुणी उभं आहे का ते पाहायचं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. एक एक सूर वर चढत मी शिखराच्या पायथ्याशी येऊन पोहोचलो, आणि तिथे मुक्काम केला. घाई करण्यात अर्थ नव्हता. मत्सर गेला होता म्हणाल, तर मुळीच नाही. तो छातीत होता तसाच, आपल्या जागी, चांगला जिवंत. फक्त त्याने गळ्यातलं बिऱ्हाड हलवलं होतं.

पुढच्या लगीनसराईत गिरिजाच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. कुरुंदवाडला, घरचंच कार्य. त्यामुळे बँड आमचाच. गिरिजाला तेव्हा दिवस गेले होते आणि डॉक्टरीण बाईंनी फुंकायचं वाद्य पूर्ण बंद करायला सांगितलं होतं. त्यामुळे वडिलांचा ट्रम्पेट पुन्हा माझ्या हातात आला होता; पण तिने तो माझ्याकडे देताना त्याचं पुसायचं फडकं स्वतःजवळच ठेवून घेतलं होतं.

वरात निघायची वेळ झाली. उन्हं पिवळी पडली होती, नदीकडून वारा येत होता. बाबूकाकांनी क्लॅरिनेटवाल्याला खूण केली. मी पुढे झालो.

"काका, सुरुवात मी घेतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, व्याह्यांच्या दारात हाय आपुन."

"म्हणूनच."

 हात वर करून काकांनी बाकीच्यांना थांबवलं. मी श्वास घेतला. गर्दीत गिरिजा होती, तिचे वडील होते, आणि ज्यांना माझ्या वडिलांचा सूर आठवत असेल अशी म्हातारी मंडळीही असतील. हे सगळं मला ठाऊक होतं. वडील कानांत वाजतही होते. वाजोत! श्वास आत आला, आणि वळला. मला वाटलं होतं की आता कसोटीचा क्षण येईल. तो आलाच नाही. पायरी समजून पाय उचलावा आणि तिथे सपाट जमीन असावी, तसा मी त्या सुरात जाऊन उभा होतो. वरचा सा. माझा. वडिलांच्यापेक्षा थोडा जाड, गिरिजाच्यापेक्षा थोडा सावळा. तो जितका वेळ राहिला, तितका वेळ मी तो केवळ ऐकत होतो. मग ढोल पडला.

"बाळ्या!" काका ढोलाच्या गदारोळात ओरडले, आणि त्यांना पुढे काही बोलवेना.

गिरिजाचे वडील गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की माझा तोल गेला. "जावईबापू, नदीपल्याड गेलं आसंल की हो ते!"

गिरिजा मात्र बोलली नाही. वरात फिरून आली, पंगती उठल्या, नवरी निरोप घेऊन गेली. ती माझ्या आसपास वावरत होती, सगळ्यांशी बोलत होती, पण माझ्याशी नाही. मी तिची नजर शोधत राहिलो. थकली असेल, बहीण गेली म्हणून मन भरून आलं असेल, अशी माझी मीच समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "चला, घाटावर जाऊ." आम्ही पायऱ्यांवर जाऊन बसलो. पाणी खाली गेलं होतं. पलीकडच्या काठावर ऊस वाऱ्याने हलत होता.  मग पाण्याकडेच पाहत तिने सांगितलं:

"मला जळलं."

"काय?"

"काल. तुमी वाजवलासा तवा. लई जळलं मला. माझं माहेर, माझी नदी, माझ्या भनीचं लगीन. आन् वाजवनार कोन, तर तुमी! मी आपली पोट धरून हुबी. आन् वाजलं बी कसलं! माझ्यापरास चांगलं वाजलं."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. किती सरळ बोलली ती! तिच्या आवाजात ओशाळलेपण नव्हतं आणि रागही नव्हता. उन्हाने डोकं तापलं हे सांगावं, तसं तिने ते सांगितलं. इतक्या ऋतूंत माझ्या ओठांवर एकदाही न आलेलं ते वाक्य तिने एका रात्रीत बाहेर काढून पायरीवर ठेवलं होतं. खरं सांगतो, ते ऐकून मला आधी अतोनात आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या मागून काहीतरी फार कोवळं, फार निकटचं वाटलं. जणू आमचं लग्न त्या पायऱ्यांवर पुन्हा एकदा लागत होतं.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं मन्जी? बाळ हुस्तवर जळतो. मग वाजवतो." तिने पाय लांब केले आणि साडीवरची धूळ झटकली. "तवर तुमी रोज वाजवायचं. मी म्होरं बसून ऐकतो."

"जळत?"

"व्हय की," ती म्हणाली. "जळत ऐकलं म्हनून काय सूर कमी ऐकू येतोय व्हय?"

  मी हसू लागलो, आणि थोड्या वेळाने तीही.